पक्क्या भिंतीचा कर

हात वर करताना थापीवालीने तो धुतलासुद्धा नव्हता. सभेची हाक आली तेव्हा ती शाळेमागच्या भिंतीला गिलावा करत होती. तशीच कोपरापर्यंत चिखल घेऊन आली आणि बायकांच्या मागे उभी राहिली. पुढे भट्टीवाला बोलत होता. विटांची भट्टी त्याची, आवाजही त्याचाच मोठा.

"आजवर आपला कर कोण ठरवत होतं? वरचा साहेब! गाडीतून उतरायचा, चहा प्यायचा, जुना आकडा नव्या कागदावर उतरवायचा आणि निघायचा. त्याला आपलं घर ठाऊक होतं का? आता वरून हुकूम आलाय. कर किती बसवायचा, कुणाला बसवायचा, घराची पाहणी कशी करायची, सगळं गावाच्या हातात. आपलं माप आपण घ्यायचं. आपलं घर आपल्या माणसाला कळणार की परक्याला?"

"आपल्याला!" लोक ओरडले.

मग भराभर हात वर झाले. थापीवालीचाही झाला. तिच्या कोपरावरून चिखल ओघळून शेजारच्या शिंपिणीच्या पदरावर पडला. शिंपीण म्हणाली, "अगं बये, हात आहे की भिंत?" आणि सगळ्या बायका खो खो हसल्या. त्या हसण्यातच पुढचे दोन ठराव होऊन गेले. एक, पक्क्या भिंतीच्या घराला कच्च्याच्या चौपट कर. दुसरा, दीड महिन्यात कर भरला नाही तर घराचं पुढचं दार उतरवून कचेरीत आणून ठेवायचं आणि भरला की परत द्यायचं. "बिनदाराचा कोण बसतोय? धावत येतील भरायला!" असं भट्टीवाला म्हणाला, तेव्हा तर पुरुषही हसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दुसरं काय असतं?

भट्टीवाला थापीवालीचा चुलत दीर. तिच्या नवऱ्याला दादा म्हणणारा, सासऱ्याला काका म्हणणारा, तिच्या हातचं शंभरदा जेवलेला. पाहणी समितीचा प्रमुख तो झाला तेव्हा तिला बरंच वाटलं. घरचा माणूस, म्हणजे निदान डोळ्यांत डोळे घालून बोलता येईल, एवढाच तिचा हिशेब होता.

तिचं घर दोन खोल्यांचं, सगळं मातीचं. सासऱ्याने तरुणपणी एकट्याने उभारलेलं. हातभर जाडीच्या भिंती, चिखलाचा एकेक थर टाकायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. आता त्या घरात कामाची वाटणी ठरलेली होती. नवरा चिखल तुडवायचा. खड्ड्यात माती, भुसा आणि पाणी घालून तो सकाळपासून गुडघाभर चिखलात चालत राहायचा, जागच्या जागी. गाव त्याला तुडव्या म्हणायचं. तो बोलायचाही तेवढाच, पायाखालून निघेल तेवढा. थापीवाली तो चिखल भिंतीवर चढवायची, थापीने सारखा करायची, वर चुन्याचा पातळ हात द्यायची आणि शेवटी नदीतला एक काळा गुळगुळीत दगड घेऊन भिंत घोटत बसायची. तो घोटा सासऱ्याचा होता. तीस वर्षं धरून धरून तिच्या तळहाताला त्याच्या आकाराचा खळगा पडला होता. घोटून झाली की भिंत अशी लखलखायची की समोर उभं राहून भांग पाडावा.

सासऱ्याला आता दिसत नव्हतं. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. पुढच्या खोलीत, भिंतीला लागून त्याची खाट होती आणि दिवसभर त्याचा हात भिंतीवर असायचा. थंड, गुळगुळीत भिंत चाचपायची आणि गालातल्या गालात हसायचं, एवढा एकच उद्योग त्याला उरला होता.

पाहणीला चौघे आले. भट्टीवाला, वही घेऊन चष्मेवाला कारकून आणि नुसती मान हलवायला दोघे. तुडव्या खड्ड्यात होता, तो तिथूनच बघत राहिला.

"काय काका, बरं आहे ना?" भट्टीवाल्याने विचारलं.

"कोण, तू होय? ये. बस."

तो बसला नाही. बोटं दुमडून त्याने भिंतीवर टकटक केलं. मग जरा वर. मग कोपऱ्यात. भिंत कडक वाजली.

"काय वाजतेय, वहिनी!"

"मातीचीच आहे हो, भावजी. तुम्हाला काय सांगायचं? लहानपणी इथेच तर खेळलात."

"माती?" खाटेवरून म्हातारा एकदम उठून बसला. "कोण म्हणतं माती? अरे, तुझी ती भट्टीतली वीट पाण्यात टाकली तर बिस्किटासारखी फुटेल! या भिंतीला चाळीस वर्षांत एक चीर नाही. पहार मार, पहार! उलटी येऊन तुझ्याच कपाळावर बसेल. पक्की आहे, पक्की!"

कारकुनाने चष्मा वर सारला आणि वहीत लिहायला घेतलं.

"अहो, ते लिहू नका," थापीवाली पुढे झाली. "ते कौतुकाने बोलताहेत."

"वहिनी," भट्टीवाला अगदी हळू, मायेने म्हणाला, "घराचा मालक स्वतःच्या तोंडाने पक्की म्हणतोय. तुम्ही काकांना खोटं पाडणार?"

ती मागे सरली. तीस वर्षांत सासऱ्याच्या बोलण्यावर ती बोलली नव्हती आणि चार माणसांसमोर तर नाहीच नाही. हे भट्टीवाल्याला ठाऊक होतं. परक्या साहेबाला कुठून ठाऊक असणार? याला म्हणतात आपला माणूस! कुठे दाबलं की आवाज निघत नाही, ते त्यालाच बरोबर कळतं.

मंडळी गेल्यावर म्हाताऱ्याने विचारलं, "काय लिहिलं गं त्यांनी?"

"पक्की लिहिली, मामंजी."

"मग!" म्हातारा म्हणाला आणि समाधानाने कुशीवर वळला.

यादी कचेरीच्या दारावर लागली. थापीवालीला वाचता येत नव्हतं, पण वाचून दाखवायला लोक घरी आले. तिने घोटलेली अकरा घरं आणि बारावं तिचं. बाराच्या बारा पक्की. ज्यांच्या भिंतींचे पोपडे निघाले होते, ज्यांनी आळसाने दहा दहा वर्षं हात फिरवला नव्हता, ते सगळे कच्च्यात सुटले.

सगळ्यांत आधी शिंपीण आली. विधवा बाई, एक खोली, एक शिलाई यंत्र. दारातूनच सुरू झाली. "तुझ्या हाताला काय आग लागली होती गं? साधी लिंप म्हटलं असतं तर साधी लिंपायला काय होतं तुला? चमकवलीस! आता मी चौपट कुठून भरू?"

"तूच म्हणालीस ना, आरशासारखी कर म्हणून?"

"म्हणाले. जळलं माझं तोंड. आता बिघडव ती."

"काय?"

"बिघडव म्हणते. खरवड, ढेकळं फेक, काय हवं ते कर. हरकतीसाठी फेरपाहणी आहे. त्याच्या आत ती कच्ची दिसली पाहिजे."

थापीवालीने तिला हाकलून लावलं. पण दोन दिवसांत तिला कळलं की हाकलून चालणार नाही. उन्हाळ्याचे हे सहा आठवडे म्हणजे तिचं अख्खं वर्ष. याच दिवसांत भिंती वाळतात, याच दिवसांत लोक लिंपून घेतात. सात घरांनी काम सांगून ठेवलं होतं. सातही घरांनी निरोप पाठवले. कुणी म्हणालं पुढच्या वर्षी बघू. कुणी म्हणालं ओबडधोबडच बरी बाई, कुणाच्या डोळ्यावर येत नाही. तुडव्याने एका सकाळी सवयीने खड्डा भरला, दुपारपर्यंत तुडवला आणि मग वर येऊन म्हणाला, "कुणासाठी तुडवतोय?" संध्याकाळपर्यंत चिखल खड्ड्यातच वाळून तडकला.

चौथ्या दिवशी ती शिंपिणीकडे गेली. खरवडणी घेऊन भिंतीसमोर उभी राहिली, पण हात उचलेना. दोन वर्षांपूर्वी नऊ दिवस घातले होते या भिंतीला. शिंपीण मागून म्हणाली, "लवकर आटप, कुणी बघेल." मग तिने डोळे मिटून पहिला ओरखडा काढला. एकदा काढल्यावर पुढचे आपोआप निघाले. चुना सोलून काढला, ओल्या मातीचे गोळे फेकून मारले, बोटांनी उगाच खड्डे पाडले. वाईट काम वाईट दिसायलाही हात लागतो. नुसतं फोडलं तर फोडलेलं दिसतं, जुनं दिसत नाही. तिने ते जुनं केलं. दिवस मावळायच्या आत भिंत अशी झाली की कुणालाही दया यावी.

"वा!" शिंपीण म्हणाली. "आता कशी गरिबाची दिसते!"

थापीवाली घरी येऊन हात धूत बसली. पाणी स्वच्छ झालं तरी धूतच होती. तुडव्याने शेवटी तिच्यासमोरून बादली उचलून नेली.

त्या आठवड्यात तिने आणखी पाच घरं बिघडवली. त्याच बायका, ज्यांनी घोटून घेतल्यावर तिला ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, त्या आता मागच्या दाराने बोलवायच्या आणि काम झालं की कुणाला सांगू नको म्हणायच्या. पोटाला मिळत होतं. पण स्वतःच्या घरची भिंत तिला बिघडवता येईना. भिंतीवर म्हाताऱ्याचा हात होता.

फेरपाहणीच्या दिवशी सकाळी ती दारातच उभी राहिली. समिती आली, मागोमाग अर्धं गाव. बिघडवलेल्या घरांची पाहणी आधीच होऊन गेली होती, कारकुनाने ती मुकाट्याने कच्च्यात टाकली होती, त्यामुळे सगळे मजा बघायला मोकळे होते.

"हरकत काय आहे?" भट्टीवाल्याने विचारलं.

"भिंत मातीची आहे. छेद घेऊन बघा."

"काका काय म्हणतात?"

"मामंजींना मी विचारलं नाही," थापीवाली म्हणाली. "मी सांगते आहे. छेद घ्या."

खाटेवर म्हातारा नुसता आवाजाकडे तोंड करून बसला होता. भट्टीवाल्याने जागा दाखवली. खाटेच्या उशापाशी, बरोबर तुळईच्या खाली.

"तिथे नको, भावजी. तिथे छपराचा भार आहे. अलीकडे घ्या, कुठेही घ्या."

"म्हणजे तिथेच वीट दडवली असणार," तो म्हणाला. मान हलवणाऱ्या दोघांनी मान हलवली.

पहार तुडव्यानेच घेतली. दुसऱ्या कुणाला त्याने हात लावू दिला नाही. पहिल्या घावाला चुना उडाला, दुसऱ्याला पहार खरोखरच उलटी आली आणि मागच्या गर्दीत कुणीतरी हसलं. तिसऱ्या, चौथ्या, दहाव्या घावाला भिंत उघडली. पिवळी माती, त्यात चाळीस वर्षांचा भुसा, अजून सोनेरी. आरपार भोक पडेपर्यंत तो थांबला नाही. बाहेरचा उजेड म्हाताऱ्याच्या तोंडावर पडला आणि त्याने डोळ्यांवर हात घेतला.

"कुणी भिंत फोडतंय का?" त्याने विचारलं.

कारकुनाने वाकून पाहिलं. "मातीच आहे."

"आहे ना?" थापीवाली म्हणाली. "लिहा मग कच्ची."

भट्टीवाल्याने चुन्याचा एक पापुद्रा जमिनीवरून उचलला, चिमटीत धरून सगळ्यांना दाखवला. "हा काय आहे? चुना. चुना भट्टीतून येतो की शेतातून? म्हणजे नुसती माती नव्हे. अर्धपक्की लिही रे. तिप्पट."

"असा प्रकारच नाही," कारकून पुटपुटला. "पक्की आणि कच्ची, दोनच आहेत."

"नव्हता. आता आहे. आकारणी कुणाच्या अधिकारात आहे?"

तुडव्या पहार टेकून म्हणाला, "आधीच्या साहेबाने असं कधी केलं नसतं." एवढं लांब वाक्य तो महिन्यातून एखादंच बोलायचा.

"त्याला अधिकार नव्हता, दादा," भट्टीवाला म्हणाला. "मला तुम्हीच दिलाय. वहिनींचा हात तर सगळ्यांत वर होता."

तेव्हा थापीवालीच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. गेल्या वर्षी, गावाला अधिकार यायच्या आधीच, भट्टीवाल्याने तिला बोलावून रस्त्यालगतच्या नव्या कोठाराला बाहेरून मातीचा गिलावा करून घेतला होता. विटांच्या कोऱ्या भिंतींना माती! धान्याला गारवा राहतो, म्हणाला होता. आणि घोटायला बसली तर म्हणाला, "घोटू नका, वहिनी. ओबडधोबडच राहू द्या." तेव्हा तिला राग आला होता, आपलं काम त्याला आवडत नाही म्हणून. किती खुळी मी, तिला वाटलं. त्याला या कराचा तेव्हाच वास लागला होता आणि आपण मात्र कामाच्या कौतुकाचं धरून बसलो.

"कोठार कशात लिहिलंय?" तिने कारकुनाला विचारलं.

कारकून वहीत बघायच्या आधीच भट्टीवाल्याने वही मिटली. तेवढ्याने तिला कळलं.

सासरा तिला शिकवताना म्हणायचा, भिंतीच्या पोटात काय आहे ते लिंपणाऱ्याने झाकायचं असतं, सांगायचं नसतं. कुणाचा पाया कच्चा, कुणाची वीट चोरीची, कुणाच्या भिंतीत काय पुरलंय, सगळं तिला ठाऊक होतं. तीस वर्षांत तिने एक शब्द बाहेर काढला नव्हता. आज ती काही न बोलता थापी उचलून रस्त्याला लागली. गाव मागे निघालं.

कोठाराच्या भिंतीपाशी जाऊन तिने थापीची धार आत घातली आणि उलट्या हाताने जोर दिला. स्वतःचाच गिलावा होता, कुठे कमी बसलाय ते तिला बरोबर माहीत होतं. परातीएवढा तुकडा सुटून पायाशी पडला. आत लालभडक वीट. तिने दुसरा काढला. मग तिसरा. वीट, वीट, वीट. विटेवर भट्टीची खूणही होती.

"बघा!" ती ओरडली. तिचा श्वास फुलला होता. "ही कच्ची, आणि माझी पक्की! बघा की! बोला काहीतरी!"

लोक बघत होते. भट्टीवाला घाबरला नाही. त्याने एकदा विटेकडे पाहिलं आणि मग लोकांकडे पाठ न करता शांतपणे बोलला.

"पाहणीत चूक होऊ शकते. माणसंच आहोत. मग असं करू, सगळीच पाहणी रद्द करू. उद्यापासून एकेकाचं घर परत मोजू. वरवर नको, भिंती खरवडून बघू. चुना कुठे होता, कधी काढला, कुणी काढला, सगळं. आहे कबूल? हात वर करा."

कुणाचाच हात वर झाला नाही. वाण्याने उन्हाकडे बघितलं आणि दुकान उघडं राहिलंय म्हणाला. शाळेचा शिपाई त्याच्या मागे गेला. थापीवालीने शिंपिणीकडे पाहिलं. शिंपीण पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती, तोच पदर, ज्यावर सभेत चिखल सांडला होता.

"तू तरी बोल गं," थापीवाली म्हणाली.

"मला काय माहीत बाई भिंतीतलं," शिंपीण म्हणाली आणि वळली.

थोड्या वेळाने तिथे समितीचे चौघे आणि नवराबायको एवढेच उरले. कारकुनाने खाली मान घालून लिहिलं, दुसऱ्याच्या भिंतीची नासधूस, दंड. तो दंड तिप्पट करात मिळवला गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ते गोष्टीत, पण गोष्टीतल्या संन्याशाने निदान चोराला निवडून दिलेलं नसतं.

दीड महिना सरला. तिला कुणी कामाला बोलावलं नाही, घोटायलाही नाही आणि बिघडवायलाही नाही. जिने एक भिंत उघडी केली ती दुसरीही करेल, असं लोक म्हणायला लागले. तुडव्या भट्टीवर कामाला जाऊ का म्हणाला आणि तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुन्हा विषय काढला नाही. भिंतीतलं भोक त्याने बुजवलं. तिने वर हात फिरवला, पण घोटलं नाही. म्हातारा चाचपडत तिथे यायचा, त्याचा हात खरबरीत मातीवर थांबायचा आणि मागे जायचा. पहार उलटी आली होती का, एवढंच त्याने एकदा विचारलं.

"आली होती, मामंजी. सगळ्यांनी बघितलं."

दार न्यायला सुतार आला, सोबत मान हलवणारे दोघे. भट्टीवाला आला नाही. सकाळची वेळ होती, रस्ता जागा झालेला. सुताराला लाज वाटत होती, तो नजर वर करत नव्हता. थापीवाली म्हणाली, "बिजागऱ्या हळू काढ. चौकटीच्या कडेचा गिलावा तुटला तर पुन्हा बसत नाही." सुताराने मान डोलावली आणि खरंच हळू काढल्या. दोघांनी दार डोक्यावर घेतलं आणि रस्त्याने चालू लागले. कचेरीच्या भिंतीला आधीच तीन दारं टेकवून ठेवली होती, हे जाता जाता त्यांच्यातला एक सुताराला सांगत होता.

तुडव्या गोणपाट शोधायला मागे गेला. पुढच्या खोलीत ऊन थेट आत आलं, खाटेपर्यंत. पाणी भरायला निघालेल्या बायकांना रस्त्यावरून सगळं दिसत होतं, खाट, उशी, म्हाताऱ्याचे काटक्यांसारखे उघडे पाय. एक जण थांबली, मग दुसरीही थांबली.

म्हाताऱ्याने डोळ्यांवर हात आडवा धरला. "सूनबाई, दार लाव गं. उजेड येतोय तोंडावर."

थापीवाली उंबऱ्यात गेली. रस्त्याकडे पाठ केली, दोन्ही हात पसरून दोन्हीकडची चौकट धरली आणि तशीच उभी राहिली. तिची सावली खाटेवर पडली.

"लावलं, मामंजी," ती म्हणाली.

"हं," म्हातारा म्हणाला आणि त्याने हात खाली घेतला.